सोलापूरच्या हवेत बेटांवरचे दुर्मीळ पाम : बी मिळवण्यापासून रोप जमिनीत लावेपर्यंत

दुर्मीळ बेटवासी पाम बियांपासून वाढवू पाहणाऱ्या नवख्याने सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न असा की, तो पाम बेटाच्या कोणत्या बाजूला उगवतो. पावसाचे वारे अडवणारी डोंगरउताराची बाजू हिरवीगार आणि त्यामागची बाजू कोरडी, ही रचना महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पर्जन्यछायेतल्या सोलापूरला साधारण सहाशे-सातशे मिलिमीटरवर भागवावे लागते. मॉरिशस, मादागास्कर, क्यूबा, हवाई या बेटांवरही असेच आहे. त्यामुळे ‘बेटावरचा पाम म्हणजे दमट हवेचा पाम’ हा समज सोडूनच निवडीला बसावे.

दुसरी गोष्ट सोलापूरच्या हवामानाबद्दलची. बहुतेक उष्णकटिबंधीय पामांचे बी ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात सर्वांत चांगले रुजते, आणि युरोपातले हौशी लोक ज्या उबेसाठी विजेचे तापक वापरतात ती सोलापूरच्या साध्या खोलीत मार्चपासून फुकट मिळते. अडचण येते ती बी रुजल्यानंतर, कारण उन्हाळ्यातली कोरडी हवा, दुपारचा झळा मारणारा वारा आणि विंधन विहिरीचे क्षारयुक्त, चुनखडीचे पाणी या तीन गोष्टी कोवळ्या रोपाला मानवत नाहीत. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा हेतू एकच आहे : बियांना इथली उष्णता मिळू द्यायची आणि रोपांना इथल्या कोरडेपणापासून जपायचे.

जातीची निवड

सोलापूरसाठी माझी पहिली शिफारस मादागास्करच्या त्रिकोणी पामाची, म्हणजे डिप्सिस डेकॅरीची आहे. हा पाम मादागास्करच्या आग्नेय टोकाला, दमट जंगल आणि काटेरी कोरडे जंगल यांच्या सीमेवरच्या चिंचोळ्या पट्ट्यात उगवतो. कोरडेपणा त्याच्या ओळखीचा आहे आणि पानांचे देठ तीन रांगांत निघत असल्याने तो अंगणात उठूनही दिसतो. त्याच बेटाच्या पश्चिम आणि उत्तर भागातल्या गवताळ माळांवरचा बिस्मार्किया नोबिलिस हा चंदेरी पानांचा भव्य पाम दुर्मीळ नाही, पण सरावासाठी त्याच्याइतका चांगला शिक्षक मिळणार नाही.

मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवर राउंड आयलंड नावाचे उघडे, खडकाळ, ज्वालामुखीजन्य बेट आहे. खरा बॉटल पाम, म्हणजे हायोफोर्बे लाजेनिकॉलिस, मूळचा तिथलाच. माणसांनी तिथे सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी कोवळी रोपे खाऊन त्याची अशी दशा केली की जंगली झाडे एके काळी दहाच्या आत आली होती. शेळ्या १९७९ मध्ये आणि ससे १९८६ मध्ये बेटावरून पूर्णपणे हटवल्यानंतर तिथली वनस्पती सावरू लागली. आपल्याकडे रोपवाटिकांत ‘बॉटल पाम’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा रॉयल पाम असते, तेव्हा बी किंवा रोप घेताना शास्त्रीय नाव विचारावे आणि शक्य असल्यास मातृवृक्ष पाहावा. खऱ्या बॉटल पामाचे खोड बुंध्याशी फुगीर असते, उंची कमी असते आणि डोक्यावर एका वेळी मोजकीच पाने असतात. त्याचा भाऊबंद म्हणजे रॉड्रिग्ज बेटावरचा चातीसारख्या खोडाचा हायोफोर्बे व्हर्शाफेल्टी. हे दोन्ही पाम सोलापुरात जगतात, मात्र पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्यांना सावली लागते.

मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि रियुनियन या मास्करीन बेटांवर लाटानिया या पंख्यासारख्या पानांच्या पामाच्या तीन जाती आहेत : निळसर लॉडिजेसी मॉरिशस आणि राउंड आयलंडची, लालसर लोंटारॉइडिस रियुनियनची आणि पिवळसर व्हर्शाफेल्टी रॉड्रिग्जची. तिन्ही ताडाच्या नात्यातल्या, तिन्हींना ऊन प्रिय आणि तिन्हींत नर व मादी झाडे वेगळी. क्यूबाचा कोपरनिशिया मॅक्रोग्लोसा अत्यंत संथ वाढतो, पण चुनखडीची जमीन आणि कडक ऊन या दोन्हींना तो सरावलेला असल्याने धीर असलेल्या माणसाने तो जरूर लावावा. क्रीट बेटावरचा फिनिक्स थिओफ्रास्टी आणि कॅनरी बेटांवरचा फिनिक्स कॅनॅरिएन्सिस हे आपल्या शिंदीचेच सगोत्र असल्याने त्यांच्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही, शिंदी जिथे वाढते तिथे ते वाढतील.

टाळायचे कोणते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. लॉर्ड होव बेटावरचा केंटिया, म्हणजे होविया फॉर्स्टेरियाना, न्यूझीलंडचा निकाऊ आणि रॉबिन्सन क्रूसो बेटावरचा जुआनिया यांना सौम्य, ओलसर, समुद्राने थंड ठेवलेली हवा लागते आणि सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४२-४४ अंशांवर असताना, ते घराबाहेर टिकणे कठीण. सेशेल्समधला दर्याई नारळ, ज्याच्या कवचाचे कमंडलू फकिरांच्या हाती दिसतात, त्याचे आकर्षण अनेकांना असते. परंतु त्याचे एकेक बी वीस-पंचवीस किलोपर्यंत भरते, तो केवळ प्रासलिन आणि क्युरियूज या बेटांवर नैसर्गिकरीत्या वाढतो आणि त्याच्या व्यापारावर कडक नियंत्रण आहे. नवख्याने तो वनस्पती उद्यानात पाहून समाधान मानावे. कोलकात्याजवळच्या शिवपूर येथील आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानात त्याचे झाड वाढवले गेले.

बी मिळवणे आणि कायदा

परदेशातून टपालाने बी मागवणे सोपे वाटते, पण भारतात वनस्पती आणि बियाण्यांची आयात २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार होते. आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय आलेले पाकीट जप्त होऊ शकते. या नियमामागे कारण आहे. नारळ आणि इतर पामांवर जगात काही प्राणघातक रोग आहेत आणि नारळ ज्या देशाच्या किनाऱ्याचे पीक आहे त्या देशाला ते परवडणारे नाहीत. त्रिकोणी पामाच्या बाबतीत आणखी एक अट आहे : तो संकटात असलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि मादागास्करहून निर्यात होणारे त्याचे बीसुद्धा त्या नियंत्रणाखाली येते.

सुदैवाने वर सांगितलेल्या बहुतेक जातींची मोठी झाडे भारतातल्या उद्यानांत, महाविद्यालयांच्या आवारांत आणि खासगी बागांत फळे धरतात. त्यामुळे परवानगी घेऊन देशातलेच ताजे बी मिळवणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. ‘ताजे’ या शब्दावर भर द्यावा लागेल, कारण अनेक पामांचे बी गव्हा-ज्वारीसारखे वाळवून वर्षभर ठेवता येत नाही, आतला गर सुकला की गर्भ मरतो. दमट प्रदेशातल्या जातींचे बी काही आठवड्यांत निकामी होऊ शकते. बिस्मार्किया, लाटानिया, कोपरनिशिया, फिनिक्स अशा कोरड्या प्रदेशातल्या जाती त्यामानाने तग धरतात.

बागेतल्या बियांत संकराचा धोका असतो. दोन वेगळ्या लाटानिया जवळजवळ असतील किंवा कॅनरी बेटाच्या फिनिक्सच्या मादीजवळ शिंदीचा नर असेल, तर मिळणारे बी शुद्ध जातीचे असेलच असे नाही. सोलापूरच्या आसपास ओढ्याकाठी शिंदी भरपूर आहे आणि तिचे पराग वाऱ्यावर दूरवर जातात.

साफसफाई आणि भिजवण

पूर्ण पिकलेले, शक्यतो नुकतेच गळलेले फळ घ्यावे. फळाचा गर तसाच ठेवून पेरल्यास तो आंबतो, बुरशी धरतो आणि काही जातींत रुजण्यालाच अडथळा आणतो, म्हणून तो पूर्ण काढावा लागतो. फळे दोन-तीन दिवस पाण्यात ठेवावीत, पाणी रोज बदलावे, गर मऊ पडला की जाड चाळणीवर चोळून धुवावीत. हे काम रबरी हातमोजे घालूनच करावे. काही पामांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी त्वचेची असह्य आग होते. कोकणातल्या भेरली माडाची फळे हाताळलेल्यांना याचा अर्थ लगेच कळेल.

साफ केलेले बी स्वच्छ पाण्यात एक ते तीन दिवस भिजवावे आणि पाणी रोज बदलावे. तरंगणारे बी पोकळ असण्याची शक्यता अधिक, तरी ते लगेच फेकू नये, कारण काही चांगली बियाणीही सुरुवातीला तरंगतात. एखादे बी कापून पाहणे हा खात्रीचा उपाय. आतला गर पांढरा, घट्ट आणि गर्भ टणक असेल तर बी जिवंत आहे. मऊ, पिवळट किंवा कुबट वासाचे असेल तर उरलेल्यांवर फार आशा ठेवू नये. पेरण्यापूर्वी थायरम किंवा कॅप्टन यांसारख्या बुरशीनाशकाची पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात प्रक्रिया करावी, अथवा ट्रायकोडर्मा वापरावे. दोन्ही एकत्र वापरू नयेत, कारण रासायनिक बुरशीनाशक ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीलाही मारू शकते.

जिबरेलिक आम्ल या वाढसंप्रेरकाने बी लवकर रुजते असे वाचून अनेक जण ते मागवतात. मी ते सुचवत नाही, कारण त्यामुळे रोपे लांबट, अशक्त होऊन लवंडण्याची शक्यता असते.

पेरणी : पिशवीची पद्धत आणि खोल कुंडीची पद्धत

येथे पामांच्या रुजण्याचे दोन मोठे प्रकार समजून घेतले पाहिजेत, कारण पुढचे सारे त्यावर ठरते. हायोफोर्बे, डिप्सिस आणि निकोबारच्या बेंटिंकियासारख्या पामांत अंकुर बियाला लागूनच, एका छोट्या गाठीसारखा बाहेर येतो आणि तिथूनच मूळ व पान फुटते. लाटानिया, बिस्मार्किया, कोपरनिशिया आणि फिनिक्स यांत मात्र बियातून आधी एक दांडा निघतो, तो जमिनीत खाली जातो आणि त्याच्या टोकाशी, बियापासून दूर, रोप तयार होते. बिस्मार्कियाचा दांडा एक फूटभर किंवा त्याहून खोल जाऊ शकतो. वर काहीच दिसत नाही म्हणून माती उकरून पाहणारा माणूस नेमका हाच दांडा मोडतो आणि तो मोडला की रोप संपले.

पहिल्या प्रकारच्या बियांसाठी चेनची प्लॅस्टिक पिशवी पुरेशी आहे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आधी दोन-तीन वेळा धुवून घ्यावे, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असते. मग ते मुठीत दाबून पिळावे. मूठभर कोकोपीटमधून एखाद-दुसरा थेंब गळला तर ओल योग्य, पाण्याची धार लागली तर जास्त. त्यात निम्मे पेरलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) किंवा चाळून धुतलेली जाड वाळू मिसळावी, बी मिसळून पिशवी बंद करावी आणि तिच्यावर जातीचे नाव व तारीख लिहावी. सोलापूरच्या कोरड्या हवेत या पद्धतीचा मोठा फायदा असा की, ओल महिनोन्‌महिने टिकते आणि रोज पाणी घालावे लागत नाही. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून हवा बदलावी, बुरशी लागलेले बी धुवून वेगळे ठेवावे.

दुसऱ्या प्रकारच्या बियांसाठी एक ते दीड फूट खोल, खाली भोके असलेल्या काळ्या पिशव्या किंवा पीव्हीसी पाइपचे तुकडे घ्यावेत आणि प्रत्येकात एकच बी त्याच्या जाडीइतके खोल पेरावे. यात कोकोपीट, जाड वाळू आणि चांगले कुजलेले गांडूळखत यांचे मिश्रण चालते. काळी माती कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. ती ओली असताना चिकट होऊन हवा अडवते आणि वाळताना भेगा पाडून कोवळी मुळे तोडते. बारीक मुरूम थोड्या प्रमाणात मिसळायला हरकत नाही.

उष्णता आणि वेळापत्रक

पिशव्या घरातल्या सर्वांत उबदार, पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवाव्यात. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवलेल्या बंद पिशवीत तापमान ४५ अंशांच्या वर सहज जाते आणि बी अक्षरशः शिजते, म्हणून साधा तापमापक जवळ ठेवून ३८ अंशांची मर्यादा पाळावी. दिवसा उष्ण आणि रात्री थोडे थंड असा चढउतार मात्र अपायकारक नाही.

बी फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळाले तर सोलापूरचे वेळापत्रक जणू त्याच्यासाठीच आखलेले आहे : उन्हाळ्यात ते रुजते, जून-जुलैमध्ये हवेत ओल आल्यावर पहिले पान फुटते आणि पहिल्या थंडीपर्यंत रोप सावरते. बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हाती आले तर साठवून ठेवू नये, लगेच पेरावे आणि जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला रात्री गारठतात तेव्हा थर्माकोलच्या खोक्यात कमी वॉटचा बल्ब किंवा रोपवाटिकेत मिळणारी तापणारी चटई वापरून ऊब टिकवावी.

किती दिवस वाट पाहायची? अरेका पाम, जो मादागास्करचाच आहे, एक ते तीन महिन्यांत रुजतो. लाटानिया आणि बिस्मार्किया साधारण दोन ते चार महिने घेतात. बॉटल पामाला दोन ते सहा महिने लागू शकतात आणि कोपरनिशियाला त्याहूनही अधिक. एकाच घडातल्या बियांत कित्येक महिन्यांचा फरक पडतो, म्हणून न रुजलेले बी कापून पाहिल्याशिवाय मेलेले समजू नये.

कोवळे रोप आणि पाणी

पिशवीतले बी रुजून पहिले मूळ बोटाच्या पेराएवढे झाले की ते कुंडीत लावावे. रोपाला चिकटलेले बी तोडू नये, कारण रोप त्यातल्या साठ्यावर कित्येक महिने जगते. त्यामुळेच पहिले दोन-तीन महिने खत देण्याची गरज नसते. अंकुराचा वाढबिंदू मातीत गाडला जाणार नाही याची काळजी घ्यावी.

रोपे पन्नास ते पंचाहत्तर टक्के सावलीच्या शेडनेटखाली ठेवावीत आणि पश्चिमेचा वारा अडवण्यासाठी एका बाजूला नेटचाच पडदा बांधावा. भर उन्हाळ्यात कुंड्यांभोवती ओली वाळू किंवा भिजवलेली गोणपाटे ठेवली तर आसपासची हवा थोडी ओलसर राहते. कुंडीतल्या मातीत सतत पाणी साचवून हवेचा कोरडेपणा भरून निघत नाही, उलट मुळे कुजतात.

सोलापुरात रोपे सर्वाधिक बिघडतात ती पाण्यामुळे, असे माझे मत आहे. विंधन विहिरीच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर जमू लागला, पानांची टोके करपली आणि नवे पान पिवळे पण शिरा हिरव्या असे दिसू लागले, तर लोह मिळत नाही असे समजावे. मातीत लोह असते, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी साधे फेरस सल्फेट मातीत टाकून फारसा उपयोग होत नाही आणि ईडीटीए प्रकारचे चिलेटही (लोह मुळांना घेता येईल अशा रूपात धरून ठेवणारे संयुग) अल्कधर्मी मातीत टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचे लोह चिलेट घ्यावे, ते महाग असले तरी चालते. नवी पाने आखूड, सुरकुतलेली आणि करपल्यासारखी येत असतील तर मँगनीज कमी पडते आहे आणि मँगनीज सल्फेटची सौम्य फवारणी करावी. जुनी पाने कडेने पिवळी पडून मधला भाग हिरवा राहिला तर मॅग्नेशियमची उणीव असते. पालाशाची (पोटॅशियमची) उणीवही जुन्याच पानांवर ठिपक्यांच्या रूपात दिसते, म्हणून जुनी पाने घाईने कापू नयेत, रोप त्यांतूनच अन्नद्रव्ये नव्या पानांकडे नेत असते.

क्षारयुक्त पाण्यावरचा खरा उपाय पावसाचे पाणी. पाणी साठवून वापरण्याची सवय सोलापूरकरांना आहेच, तेव्हा गच्चीच्या पन्हाळीखाली एक झाकणाचे पिंप केवळ रोपांसाठी राखून ठेवावे. ते संपल्यावर क्षाराचे पाणी वापरावेच लागले तर महिन्यातून एकदा कुंडीच्या खालून भरपूर पाणी निघेल इतके द्यावे, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात.

कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी आणि खवले कीड येते, त्यांच्यासाठी पाने नियमित धुणे आणि निंबोळी अर्क पुरेसा असतो. ओले, अर्धवट कुजलेले शेणखत मात्र रोपांजवळ ठेवू नये, कारण पामांचा कोंब पोखरणारा गेंडा भुंगा त्यातच अंडी घालतो. उंदीर आणि खारी पेरलेले बी उकरतात, त्यासाठी वर जाळी घालावी.

इतर हवामानांत राहणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चित्र उलटे होते : तिथे हवेतली ओल रोपाला पोसते, पण जून ते सप्टेंबर बुरशी हा मोठा शत्रू असतो, म्हणून माध्यमात वाळूचे प्रमाण वाढवावे आणि कुंड्या पावसाच्या थेट माऱ्यापासून दूर, मांडणीवर ठेवाव्यात. तिथे बेंटिंकिया निकोबारिका हा आपल्याच निकोबार बेटांचा, आता संकटग्रस्त ठरलेला उंच पाम उत्तम वाढेल. कोरडी हवा मागणाऱ्या कोपरनिशियाला मात्र तिथे चांगला निचरा आणि पूर्ण ऊन द्यावे लागेल. पुण्या-नाशिकला हिवाळ्यात बी रुजण्याचे काम जवळपास थांबते, तेव्हा पेरणी फेब्रुवारीनंतरच करावी. नागपूरचा उन्हाळा सोलापूरसारखाच, पण थंडी अधिक कडक, म्हणून तिथे बॉटल पामापेक्षा बिस्मार्किया आणि फिनिक्स सुरक्षित. महाबळेश्वर-पाचगणीच्या सौम्य हवेत केंटियाचा प्रयोग करता येईल, मात्र त्याचे बी रुजायला वर्षभर किंवा अधिकही काळ लागू शकतो आणि ते ३५ अंशांवर नव्हे, तर पंचवीसच्या आसपास ठेवावे.

जमिनीत लावणे

रोप दोन-तीन वर्षांचे होऊन त्याला पूर्ण आकाराची पाने येऊ लागली की जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर ते जमिनीत लावावे. आधी महिनाभर शेडनेटची सावली टप्प्याटप्प्याने कमी करावी. मुरमाड जमिनीत तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन त्यात पोयटा आणि कुजलेले खत भरावे. काळ्या जमिनीत मात्र खड्डा न करता दीड-दोन फूट उंचीचा वरंबा करून त्यावर लावावे, नाहीतर पावसाळ्यात मुळांशी पाणी तुंबते. लाटानिया आणि बिस्मार्कियाची पिशवी कापून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये, कारण मुळे दुखावलेली त्यांना खपत नाही. बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचे जाड आच्छादन घालावे, फक्त ते खोडाला टेकवू नये, आणि वाळवीसाठी अधूनमधून उचलून पाहावे. डाळिंबाच्या बागेत वापरतात तसे ठिबक लावल्यास पाणी मोजून देता येते. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने नेटचा आडोसा ठेवावा.

लाटानियाचे नर-मादी फुलोरा येईपर्यंत, म्हणजे अनेक वर्षे, ओळखता येत नाहीत, म्हणून एकच रोप न लावता चार-पाच रोपे शेजारीपाजारी किंवा गल्लीतल्या परिचितांच्या आवारात वाटून लावावीत. प्रत्येक झाडाला न गंजणारी पत्र्याची पट्टी बांधून त्यावर शास्त्रीय नाव, बी कोणत्या बागेतून आले ते आणि पेरणीचे वर्ष कोरावे. त्रिकोणी पामाच्या पट्टीवर जुने आणि नवे अशी दोन्ही नावे असावीत, कारण २०२२ पासून अभ्यासकांनी तो डिप्सिसमधून क्रिसॅलिडोकार्पस या प्रजातीत हलवला आहे. मूळ ठिकाणाची नोंद नसलेल्या किंवा दोन जाती शेजारी असताना धरलेल्या फळांचे बी पुढे कोणाला दिल्यास ते ‘संभाव्य संकर’ असे लिहूनच द्यावे.